चांगली चाळीस मिनिटे: घरचा संगणक, गिटार आणि औषधाची वेळ

दीर्घ आजाराच्या घरात दिवसाची आखणी औषधांच्या वेळांनी होते, हे आपणांपैकी अनेकांना सांगावयास नको. आहार, व्यायाम, झोप आणि तपासण्या यांविषयी अधिकाराने लिहिणारे तज्ज्ञ आहेत. त्यांच्या क्षेत्रात पाऊल टाकण्याची माझी योग्यता नाही. मला लिहावयाचे आहे ते एका लहानशा, परंतु अनेक घरांत उपेक्षित राहणाऱ्या प्रश्नाविषयी. जन्मभर एखादे वाद्य वाजविलेल्या माणसाच्या हातून आजारपणात ते वाद्य सुटू लागले, तर घरच्यांनी काय करावे?

आमच्या घरी ते वाद्य म्हणजे इलेक्ट्रिक गिटार. त्यावर उपाय म्हणून आम्ही घरातील जुना लॅपटॉप ध्वनिमुद्रणासाठी सिद्ध केला. मी स्वतः वादक नाही आणि संगणकतज्ज्ञही नाही. निवृत्त शिक्षिका आहे. म्हणूनच जे मला जमले ते आपल्याला निश्चित जमेल, या विश्वासाने हा अनुभव आपल्यापुढे ठेवते.

वाद्य आणि विकार

माझे यजमान एकाहत्तर वर्षांचे आहेत. नोकरी सांभाळून त्यांनी तरुणपणी सांगलीतील एका वाद्यवृंदात गिटार वाजविली. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत वाद्ये टेम्पोत भरून एका मांडवातून दुसऱ्या मांडवात जाणे, पहाटे घरी परतणे आणि पुन्हा दहा वाजता कचेरी गाठणे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. १९८० साली ‘कर्ज’ हा चित्रपट आला. त्यातील गोरख शर्मा यांनी वाजविलेली गिटारची धून गावोगावच्या वादकांनी तबकडी पुनःपुन्हा ऐकून हाताखाली आणली, ह्यांनीही आणली. त्या धुनेचे पहिले चार स्वर वाजले की मांडवात शिट्ट्या पडत, हे मी स्वतः ऐकले आहे.

सहा वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे निदान झाले. या विकारात मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी क्रमाक्रमाने घटत जातात. हाताचा कंप चारचौघांना दिसतो. परंतु वादकाला अधिक नडतात ते हालचालींतील मंदपणा आणि स्नायूंचा ताठरपणा. मांडीवर स्वस्थ ठेवलेला हात कापतो आणि कामाला लागल्यावर पुष्कळदा तो कंप कमी होतो, पण हात हळू चालतो. लेव्होडोपायुक्त गोळीचा अंमल चढतो आणि काही तासांनी उतरतो. आजार जुना होत जातो, तसतसा हा चढउतार अधिक जाणवू लागतो. ह्यांच्या बाबतीत सकाळची गोळी घेतल्यानंतर सुमारे तासाभराने चाळीस-पंचेचाळीस मिनिटे अशी येतात, की डावा हात पडद्यांवर बऱ्यापैकी मोकळा फिरतो. दिवसातील तो आमचा चांगला काळ.

अडचण अशी, की जुन्या साथीदारांची बैठक भरते संध्याकाळी साडेसहाला. तबलजीची नोकरी अजून चालू आहे, कीबोर्डवाले नातवंडांना शाळेतून आणतात. तालीम कुणा एकाच्या गोळीच्या वेळेवर चालू शकत नाही. संध्याकाळी ह्यांचा हात अडखळे, मग सारे थांबत. कोणी काही बोलत नसे, आणि ते न बोलणेच ह्यांना अधिक लागे. एके दिवशी ते म्हणाले, “गिटार कुणा होतकरू मुलाला देऊन टाकू. उगाच धूळ खात पडलीय.”

शुभंकरहो, आपला शुभार्थी असे काही बोलला, तर त्या वाक्याचा लगेच शब्दशः अर्थ घेऊ नका. वाद्याची आवड ओसरली आहे, की आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होतो याची लाज वाटते आहे, याचा आधी शोध घ्या. ह्यांच्या बाबतीत दुसरे कारण होते. मग मला वाटले, की जो साथीदार सकाळी सव्वादहाला तयार असेल, सात वेळा थांबले तरी थांबेल आणि मध्येच उठून गेले तरी मनात काही धरणार नाही, असा साथीदार शोधला पाहिजे.

एक जुने उदाहरण

या शोधात पुण्यात शिकणाऱ्या आमच्या नातवाने मला लेस पॉल या अमेरिकन वादकाची हकिकत सांगितली. इलेक्ट्रिक गिटारच्या इतिहासात त्यांचे नाव अग्रभागी आहे. एकाच वादकाने वेगवेगळ्या वेळी वाजविलेले थर एकावर एक चढवून संपूर्ण गीत उभे करावे, ही पद्धत रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा होता; आणि ते प्रयोग त्यांनी घराच्या गॅरेजमध्ये केले. १९४८ साली मोटार अपघातात त्यांच्या उजव्या कोपराचा चुराडा झाला. तो हात पुन्हा वाकणार नाही हे कळल्यावर, गिटार धरता येईल अशाच कोनात तो कायमचा बसवावा, असे त्यांनी शल्यचिकित्सकांना सांगितले. उतारवयात संधिवाताने त्यांची बोटे आखडली. तरीही नव्वदी उलटल्यावर ते न्यूयॉर्कमध्ये दर सोमवारी श्रोत्यांसमोर वाजवीत. २००९ साली, वयाच्या ९४ व्या वर्षी ते निवर्तले.

त्यांच्यासारखी प्रतिभा आपल्या घरी असण्याची गरज नाही. त्यांच्या गॅरेजातील जे काम त्या काळी अवजड यंत्रांवाचून होत नसे, ते आज आपल्या टेबलावरील संगणक करतो, एवढेच ध्यानात घ्यावयाचे.

काय लागते

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप नावाची चुंबके आणि तारेची वेटोळी असतात. पोलादी तार हलली की त्या वेटोळ्यांत अतिशय क्षीण विद्युतप्रवाह उत्पन्न होतो. हा क्षीण प्रवाह लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात सरळ सोडला, तर आवाज बोथट आणि खरखरीत येतो. कारण ते छिद्र बोलण्याच्या माइकसाठी बनविलेले असते. म्हणून मध्ये ऑडिओ इंटरफेस नावाची एक छोटी पेटी लागते. ती गिटारचा प्रवाह योग्य रीतीने स्वीकारते, त्याचे आकड्यांत रूपांतर करते आणि यूएसबी तारेने संगणकाला देते. घेताना त्या पेटीवर ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’ असे लिहिलेले बटण आहे ना, एवढे अवश्य पाहावे. एकट्या वादकाला एक-दोन जोडण्यांची साधी पेटी पुरते. आमचा लॅपटॉप आठ वर्षांचा जुना आहे. त्याने कुरकुर केलेली नाही.

याखेरीज लागते ती गिटारची जाड केबल, तारेचे हेडफोन आणि ध्वनिमुद्रणाची संगणकप्रणाली. अ‍ॅपलच्या संगणकावर गॅरेजबँड ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि तिच्यात गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचे निरनिराळे आवाजही असतात. विंडोजवर आम्ही रीपर वापरतो. ती साठ दिवस वापरून पाहता येते आणि नंतर माफक शुल्क भरून घेता येते. अ‍ॅम्प्लिफायरच्या आवाजांसाठी स्वतंत्र प्रणाली जोडावी लागते. त्यांतल्या काही विनामूल्य आहेत.

येथे इलेक्ट्रिक गिटारचा एक मोठा लाभ सांगते. सतार, पेटी किंवा साधी लाकडी गिटार मुद्रित करावयाची, तर माइक लागतो. आणि माइक म्हटला की कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची हाळी, पंख्याची घरघर सारेच त्यात उतरते. इलेक्ट्रिक गिटारचा प्रवाह केबलमधून सरळ पेटीत जातो. ह्यांचे ध्वनिमुद्रण चालू असताना मी स्वयंपाकघरात फोडणी देते, दाराची घंटा वाजते, त्यातले काहीही मुद्रित होत नाही. उलट बाजूने, खोलीत ऐकू येते ती तारांची केवळ बारीक टणटण. शेजारी झोपलेल्या रुग्णाला किंवा अभ्यास करणाऱ्या मुलाला उपद्रव होत नाही.

यंत्राचा उशीर आणि हाताचा उशीर

आता मी सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येते. तार छेडल्यापासून तिचा आवाज हेडफोनमध्ये ऐकू येईपर्यंत थोडा वेळ जातो. यास लेटन्सी म्हणतात. आपण त्याला उशीर म्हणू. संगणक येणारा ध्वनी थेंबाथेंबाने नव्हे, तर छोटी छोटी भांडी भरून नेतो. या भांड्याला बफर असे नाव आहे. भांडे मोठे, तर ते भरण्यास वेळ अधिक. सेकंदाला ४४,१०० नमुने या नेहमीच्या गतीने १०२४ नमुन्यांचे भांडे भरण्यास सुमारे २३ सहस्रांश सेकंद लागतात. १२८ नमुन्यांचे भांडे सुमारे ३ सहस्रांश सेकंदांत भरते. आत येताना आणि बाहेर जाताना असा दोनदा थांबा होतो, म्हणून प्रत्यक्ष उशीर याच्या दुपटीहून थोडा अधिक धरावा.

तुलनेसाठी सांगते: हवेतून ध्वनी १० सहस्रांश सेकंदांत सुमारे साडेतीन मीटर जातो. म्हणजे तेवढा उशीर हा अ‍ॅम्प्लिफायर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून वाजविण्यासारखा. त्याची वादकाला सवय असते. पन्नास सहस्रांश सेकंद झाले की मात्र निरोगी हातही गोंधळतो.

आपल्यासारख्या घरांत या मुद्द्याचे महत्त्व दुप्पट आहे. स्वर उशिरा ऐकू आला, तर कंपवाताचा रुग्ण दोष यंत्राला देत नाही, स्वतःच्या हाताला देतो. ह्यांनी पहिल्याच दिवशी दहा मिनिटांत हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाले, “बघ, हात मागे पडतोय.” तेव्हा मी स्वतः गिटार मांडीवर घेतली, एकच तार छेडली आणि कान दिला. मला एकही राग वाजविता येत नाही, पण तार आधी हलते आणि आवाज नंतर येतो, हे मलाही कळले. हात मागे पडत होता की नाही हे नंतर पाहता आले असते. यंत्र मागे पडत होते हे निश्चित होते.

नातवाने व्हिडिओ कॉलवरून तीन गोष्टी करावयास सांगितल्या. एक, विंडोजवर इंटरफेसच्या निर्मात्याने दिलेला एएसआयओ ड्रायव्हर बसविणे आणि प्रणालीच्या सेटिंगमध्ये तोच निवडणे. दोन, बफर १२८ वर आणणे. तडतड ऐकू आली तर २५६ करणे. तीन, ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवून तारेचे वापरणे. कारण बिनतारी हेडफोनचा स्वतःचा उशीरच एवढा असतो, की बाकीचे सारे उपाय व्यर्थ ठरतात. बऱ्याच पेट्यांवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ नावाचे बटण असते. ते दाबले की गिटारचा आवाज संगणकात न जाता पेटीतूनच कानी येतो आणि उशीर जाणवेनासा होतो. मात्र तो आवाज साधा, अ‍ॅम्प्लिफायरच्या रंगाविना असतो.

एवढे केल्यावर यंत्राचा उशीर संपल्यात जमा झाला. हाताचा उशीर काही दिवशी होता, काही दिवशी नव्हता. परंतु कोणता उशीर कोणाचा, हे आता स्वच्छ कळू लागले. शुभार्थीला बसविण्यापूर्वी शुभंकराने ही परीक्षा स्वतः करावी, असा माझा आग्रह आहे.

गुणगुण, कान आणि जमिनीवरील तार

गिटार जोडल्यावर कधी संथ गुणगुण ऐकू येते. आपल्या घरातील वीज ५० हर्ट्झची. पिकअपची वेटोळी तिची चाहूल पकडतात. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्यांचे डिमर आणि लॅपटॉपचा चार्जर हे नेहमीचे अपराधी. गिटार घेऊन खुर्ची थोडी फिरवून पाहावी, चार्जर काढून बॅटरीवर चालवावे. बहुतेक वेळा फरक पडतो. घरातील तीन खिळ्यांच्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे की नाही, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे. ते ध्वनीसाठी इष्ट आहे आणि सुरक्षिततेसाठी अनिवार्य आहे.

कानांविषयी विशेष सावध राहावे. वाढत्या वयात प्रथम उंच पट्टीचे सूक्ष्म ध्वनी ऐकू येणे कमी होते. मग माणूस नकळत आवाज वाढवीत जातो. प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलपर्यंत, ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे. आणि दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास. आम्ही हेडफोनच्या बटणावर रंगीत चिकटपट्टीची खूण केली आहे. त्यापलीकडे ते फिरवावयाचे नाही. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी हेडफोन कसे घालावेत, हे आपल्या श्रवणतज्ज्ञाला विचारून घ्यावे. पूर्ण बंद हेडफोन घातलेल्या माणसाला हाक ऐकू येत नाही, हेही ध्यानी असू द्या. ह्यांची खुर्ची मी स्वयंपाकघरातून दिसेल अशी ठेविली आहे.

आणि जमिनीवरील तारा! कंपवातात पाऊल पुरेसे उचलले जात नाही. गिटारची तीन मीटर लांब केबल वाटेत पडलेली असणे म्हणजे पडण्याला आमंत्रण. आमच्या टेबलाच्या मागील कडेला केबल पट्ट्यांनी बांधलेली आहे आणि खुर्चीपर्यंत येणारा भाग चालण्याच्या बाजूला नाही. ते उठण्यापूर्वी केबल गिटारमधून काढण्याचे काम माझे. भरीव इलेक्ट्रिक गिटारचे वजन साधारण तीन ते चार किलो असते. म्हणून बसूनच वाजवावी, खुर्ची बिनहातांची पण पाठ असलेली, न हलणारी घ्यावी आणि पट्टा रुंद असावा. तारांचा हलका संच, ज्याची सर्वांत बारीक तार ०.००९ इंचाची असते, तो बसविल्याने बोटांना दाब कमी द्यावा लागतो.

शुभंकराचे काम

चाळीस मिनिटांपैकी पंधरा मिनिटे केबल शोधण्यात, संगणक सुरू होण्यात आणि सूचनांच्या चौकटी बंद करण्यात गेली, तर उरले काय? म्हणून गोळी दिल्यानंतर मी संगणक सुरू करते, इंटरनेट बंद करते, गिटार सुरात आहे ना ते छोट्या ट्यूनरवर पाहते. प्रणालीत एक तयार साचा जतन केलेला आहे. तो उघडला की ट्रॅक, आवाजाची पातळी आणि मेट्रोनोम सारे जागच्या जागी असते. पातळी अशी ठेवावी, की सर्वांत जोराचा स्वरही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील; लाल दिवा लागला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही.

पडद्यावरील अक्षरे आम्ही दीडपट मोठी केली आहेत. कापणाऱ्या हाताने माउसची बारीक बाण-खूण नेमक्या ठिकाणी नेणे ही यातना असते; म्हणून मुद्रण सुरू करण्याचे काम पायाने दाबावयाच्या यूएसबी पेडलला नेमून दिले. थांबविण्यासाठी स्पेसबार, त्यावर लाल गोल. याहून अधिक कळा त्यांना लागत नाहीत.

मेट्रोनोमची टकटक प्रथम दोन आवर्तने वाजते, मग मुद्रण सुरू होते. कंपवातात चालणे सुधारण्यासाठी भौतिकोपचारतज्ज्ञ नियमित ठेक्याचा आधार देतात, हे आपण ऐकले असेल. गिटारच्या बाबतीत त्याचा शास्त्रीय दावा मी करणार नाही. ह्यांना मात्र ठेका चालू असला की पहिला स्वर उचलणे सोपे जाते, एवढे मी रोज पाहते. ठेका कमी गतीचा ठेवण्यात काहीच कमीपणा नाही.

एका वहीत मी गोळीची वेळ, वादन सुरू झाल्याची वेळ आणि हात थकल्याची वेळ लिहून ठेवते. ही वही डॉक्टरांना दाखविली, तेव्हा औषधाचा अंमल केव्हा उतरतो हे समजण्यास ती उपयोगी असल्याचे त्यांनी सांगितले. गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलणे हे त्यांचे काम; वादनासाठी म्हणून आपण त्यात हात घालू नये.

जे हाताने वाजले ते

सोळा आवर्तनांची एक धून आम्ही चार तुकड्यांत विभागली. एका तुकड्याचे पाच-सात टेक होतात, त्यांतला जो मनास येईल तो ठेवावयाचा. हात थांबला की त्या दिवशी थांबावयाचे. अशा रीतीने पहिली धून नऊ दिवसांत पुरी झाली. मांडवात जी अडीच मिनिटांत वाजत असे, तिला नऊ सकाळी लागल्या. पण ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ह्यांच्या हातची होती.

येथे एक प्रश्न उभा राहिला, तो आपल्यापुढेही येईल. मागे पडलेला स्वर उचलून ठेक्याच्या रेषेवर बसविणे ही आजच्या प्रणालींना किरकोळ गोष्ट आहे. नातू म्हणाला, “आबा, हे सहा-सात स्वर मी सरळ करून देतो. पाच मिनिटांचं काम आहे.” मला ते पटले होते, हे स्पष्टच सांगते. लेकीला आणि जुन्या साथीदारांना धून पाठवावयाची होती. ती नीटनेटकी असावी असे मला वाटत होते. ह्यांनी दोन्ही प्रती ऐकल्या. मग म्हणाले, “जे हाताने एकदा तरी वाजलं आहे ते घ्या. सात वेळांतलं चांगलं निवडा, माझी ना नाही. पण न वाजलेलं घालू नका.”

तेव्हापासून आमच्या घरी हाच नियम आहे. तो सर्व घरांनी पाळावा असे माझे म्हणणे नाही. एखाद्या शुभार्थीला सरळ केलेली प्रत ऐकून उमेद येत असेल, तर तीही योग्यच. मात्र निर्णय त्यांचा असू द्या. आजारपणात माणसाच्या वतीने आपण इतके निर्णय घेत असतो, की हा एक तरी त्यांच्याकडे राहावा.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. प्रत्येक मुद्रणावर तारीख असते. दोन वर्षांपूर्वीची धून आणि आजची धून शेजारी ठेवली, तर उतार कानाला कळतो. ‘कर्ज’ची ती धून गेल्या वर्षापासून मूळ गतीत वाजत नाही, आता ती संथ, जवळजवळ अंगाईसारखी वाजते. हे ध्वनिमुद्रण आजार थांबविणारे नाही, हे आपण स्वतःलाही सांगावे आणि शुभार्थीलाही खोटी आशा दाखवू नये. जुन्या फाइली मी दोन ठिकाणी जपून ठेवते, एक प्रत लॅपटॉपवर आणि एक बाहेरच्या डिस्कवर. त्या मी आपण होऊन लावत नाही. ते मागतात तेव्हा मात्र लावते, आणि त्या वेळी खोलीतून उठून जात नाही. एकदा जुनी प्रत ऐकून झाल्यावर ते पुष्कळ वेळ गप्प बसले. नंतर त्यांनी त्याच धुनेखाली संथ साथीचा एक नवा थर वाजविला. दोन वर्षांपूर्वीचा हात वर धून वाजवितो आणि आजचा हात खाली साथ करतो, अशी ती प्रत झाली. गेल्या गणेशोत्सवात ती त्यांनी साथीदारांना ऐकविली. कीबोर्डवाल्यांनी विचारले, “दुसरी गिटार कोणाची?” ह्यांनी उत्तर दिले नाही, नुसते हसले.

आतापर्यंत चार धुना पुऱ्या झाल्या आहेत. पाचवीचे दोन तुकडे बाकी आहेत. काही सकाळी गोळी लागू पडत नाही, त्या दिवशी मी संगणक बंद करते आणि आम्ही चहा घेतो. साथीदार आता महिन्यातून एका रविवारी सकाळी येतात, दहा वाजता.

वाचकहो, आपल्या घरी खुंटीवर एखादे वाद्य टांगलेले असेल, तर या सगळ्या सामग्रीची वाट पाहत बसू नका. पेटी असो, व्हायोलिन असो, बासरी असो. पहिले मुद्रण आपल्या भ्रमणध्वनीवरही होईल. रुग्णाचा चांगला काळ कोणता, हे आठवडाभर वहीत लिहून पाहा. त्या वेळेत फोन येणार नाहीत, पाहुणे येणार नाहीत, अशी व्यवस्था करा. आणि गिटार असेल तर आधी तिच्या तारा बदलून घ्या. कित्येक वर्षांच्या गंजलेल्या तारांवर बरा हातही दुखतो.